चौदा नंबरचं बेअरिंग

फॉर्म मी भरला होता, हे आधीच सांगून टाकते.

मी एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी बसते. दिवसभरात शंभरेक माणसं माझ्यासमोर वय चोरतात, आधीचे आजार लपवतात, गोळ्या वेळेवर घेतो म्हणून तोंड वर करून सांगतात, आणि मी त्यांना झापते. अहो, डॉक्टरांना खोटं सांगून तुम्ही कुणाला फसवताय? हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलंय की मला झोपेतून उठवलं तरी मी तेच म्हणेन. तरीही कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे बाबांचा फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात 'निवृत्त' असं लिहिलं. बाबा निवृत्त नव्हते. त्या दिवशी सकाळीही ते कामावर जाऊन आले होते.

बाबा पुठ्ठ्याच्या कारखान्यात बेअरिंग तपासायचे. तिथे ओला लगदा एका टोकाने आत जातो, वाफेने तापलेल्या बासष्ट रोलरांवरून फिरत फिरत सुकतो आणि दुसऱ्या टोकाला पुठ्ठा होऊन बाहेर पडतो. प्रत्येक रोलर ज्यावर फिरतो ते बेअरिंग, म्हणजे लोखंडी कड्यात बसवलेल्या पोलादी गोळ्या. गोळ्या झिजायला लागल्या की बेअरिंग आधी बारीक ओरडतं. नुसती एक सुई टोचल्यासारखी लांबलचक शिट्टी, तीही बाकीच्या घरघरीखाली दबलेली. ती पकडली तर सुट्टीच्या दिवशी शांतपणे बेअरिंग बदलता येतं. सुटली तर चालत्या मशीनमध्ये रोलर अडकतो आणि मग काय होईल ते सांगता येत नाही.

म्हणून दर सोमवारी सकाळी रिकामी फेरी असायची. पंखे, पंप, कटर सगळं बंद ठेवायचं आणि मशीन अर्ध्या वेगाने रिकामंच फिरवायचं. बाबा हातात एक पोलादी सळई घेऊन निघायचे. सळईचं एक टोक बेअरिंगच्या डब्यावर, दुसऱ्या टोकाची लाकडी मूठ कानाला. डोळे मिटायचे. मग वहीत 'ठीक' किंवा 'बदला' लिहायचं. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. कारखान्यात सगळे त्यांना कानसेन म्हणायचे, साहेबसुद्धा. मोजमाप करायचं एक यंत्र आणलं होतं म्हणे मध्यंतरी, पण ते सांगायच्या आधी आठवडाभर बाबांनी सांगितलेलं असायचं, तेव्हा ते कपाटात गेलं ते गेलंच.

आता असा माणूस कानाला टोप्या कसा लावणार? बाकीचे कामगार आवाजासाठी कान झाकायचे. बाबा म्हणायचे, कान झाकला तर मी खातो कशाचं? चौतीस वर्षं उघड्या कानांनी त्या गोंगाटात उभे राहिले, आणि त्याने जे व्हायचं ते झालं. बारीक आवाज आधी गेले. फोनची घंटी, दाराची बेल, मग माझी पोरगी. ती चार वर्षांची, तिचा आवाज चिमणीएवढा. आजोबा दर वाक्याला 'काय?' म्हणतात म्हणून तिने त्यांच्याशी बोलणंच सोडून दिलं. ती त्यांचा हात धरून त्यांना पाहिजे त्या वस्तूकडे ओढत न्यायची. मला ते बघवत नसे.

मला वाटायचं, घरी ही तऱ्हा तर कारखान्यात कसं चालत असेल? त्याचं उत्तर वंगण्या होता. खरं नाव मी कधी विचारलं नाही, मी त्याला काका म्हणायचे. तो बेअरिंगांना ग्रीस घालायचा आणि दर सोमवारी ग्रीस गन घेऊन बाबांच्या मागे चालायचा. बाबांना ऐकू येत नाही हे आमच्या घरात कळायच्या आधी त्याला कळलं होतं. त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. बाबा सळई लावून डोळे मिटून उभे राहायचे तसेच राहायचे, वंगण्या शेजारी वाकून ग्रीस गनचं तोंड पुसतोय असं दाखवत स्वतः ऐकायचा. बेअरिंग ओरडत असेल तर ग्रीस गनवरचा अंगठा उभा करायचा. बाबा डोळे उघडून अंगठा बघायचे आणि वहीत 'बदला' लिहायचे. तीन वर्षं कारखाना त्या अंगठ्यावर चालला. वंगण्या त्यांना उस्ताद म्हणायचा, आणि कारखान्यातली सगळी कौतुकं उस्तादांच्या पदरात पडू द्यायचा.

हे मला बाबांनीच सांगितलं, पण ऐकू यायचं मशीन कानाला बसल्यावर, हसत हसत. आधी सांगितलं असतं तर मी तो फॉर्म वेगळा भरला असता असं मी स्वतःला सांगते. ते खरं आहे का, माहीत नाही.

डॉक्टरीणबाईंच्या दारात बाबांनी माझा दंड धरला. "पोरी, कामाचं काही लिहू नकोस."

"का?"

"कुठून तरी कारखान्यात जाईल. कानसेन बहिरा झाला म्हणून पोरं टाळ्या देऊन हसतील. आणि मला दारातून आत घेणार नाहीत."

मी म्हटलं, असू दे. कान तोच, मशीन तेच. माणूस काम काय करतो याने काय फरक पडतो?

बाई वयाने लहान होत्या, पण घाई नव्हती त्यांना. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी बाबांचे कान तपासले, मग कानामागे बसणारी दोन छोटी मशीनं दाखवली. कसं घालायचं, कसं काढायचं, कानातल्या रबरी टोपीवर मळ साठला तर ब्रशने कसा झाडायचा, आंघोळीला आणि झोपताना काढून कोरड्या डबीत कसं ठेवायचं, सगळं बाबांकडून दोन दोनदा करून घेतलं. घरात लहान मूल आहे म्हटल्यावर बॅटरीचे सेल उंचावर ठेवायला सांगितले. पोटात गेला तर जिवावर बेततं म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात दिवसाचे दोन-तीन तासच, मग हळूहळू वाढवा. खूप गोंगाट असेल तिथे हे काढायचं आणि कान झाकायचे, कारण याने आवाज वाढतो, कानाचं रक्षण होत नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "आणि दर भेटीला मला सगळं सांगा. काय ऐकू येतं तेही आणि काय येत नाही तेही. मी तुमच्या घरी येऊन बघू शकत नाही. तुम्ही सांगाल तसंच मी हे बसवणार."

बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. मी खिडकीच्या पेशंटांच्या बाजूला पहिल्यांदाच बसले होते.

बाकी सगळं त्यांनी तंतोतंत पाळलं. आयुष्य मशीनमध्ये गेलेला माणूस, मशीनची हयगय त्यांना सहन व्हायची नाही. रोज सकाळी ब्रश, रोज संध्याकाळी डबी. कानावरचे केस वाढवले म्हणजे कुणाला दिसू नये. दुसऱ्या आठवड्यात माझी पोरगी त्यांच्या मागे उभी राहून बाहुलीशी काहीतरी पुटपुटत होती आणि बाबा वळून म्हणाले, "तिला थंडी वाजत असेल तर माझा रुमाल घे." पोरगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग बाहुली टाकून ती त्यांच्या मांडीवर चढली आणि दोन वर्षांचं बोलणं तिने एका दुपारी काढलं. मी आत जाऊन रडले. तो दिवस चांगला होता. तो चांगला होता हे मी नाकारणार नाही.

आणि सोमवारी बाबांनी एकतीस नंबरचं बेअरिंग स्वतः पकडलं. अंगठा न बघता. बदलल्यावर त्यातली खड्डे पडलेली एक गोळी खिशात घालून घरी आणली आणि पोरीला गोटी म्हणून दिली. "आता वंगण्याच्या अंगठ्याची गरज नाही," म्हणाले, आणि तेव्हाच मला अंगठ्याची गोष्ट सांगितली.

एकच कटकट होती. सळईची मूठ कानाजवळ नेली की मशीन स्वतःच कुईऽऽ करून शिट्टी घालायचं. कानाजवळ काही आलं की असं होतं. बाबांना ते नको होतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ते ऐकू जायचं आणि तो इकडेतिकडे बघायचा. पुढच्या भेटीला बाबा बाईंना म्हणाले, एवढी शिट्टी बंद करून द्या.

"कधी वाजते?" बाईंनी विचारलं.

"उशीला टेकलो की," बाबा म्हणाले. "आणि नातीला जवळ घेतलं की."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, उशीला टेकले की."

त्यांनी कान साफ आहे का बघितलं, रबरी टोपी थोडी मोठी बसवली, मग मशीन संगणकाला जोडून काहीतरी केलं. हात कानाशी नेऊन बघा म्हणाल्या. बाबांनी नेला. शिट्टी वाजली नाही. आमचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतरच्या सगळ्या सोमवारी सगळी बेअरिंगं ठीक होती. पाच सोमवार. बाबा घरी येऊन सांगायचे, मशीन इतकं सुरेख कधी चाललं नव्हतं. सहाव्या सोमवारी ते तणतणत आले.

"वंगण्या म्हणतो, उस्ताद, चौदा नंबर ओरडतंय. मी सळई लावली. काही नाही. दुसऱ्यांदा लावली. काही नाही. तर हा अंगठा वर करून उभा. त्याला वाटतं मी अजून त्याच्या अंगठ्यावर चालतो."

"अहो, पण एकदा उघडून बघायला काय जातं?" मी म्हटलं.

"माझे कान आता नवे आहेत. त्याचे जुने झालेत."

सातव्या सोमवारी वंगण्याने परत तेच म्हटलं. दोन फिटर शेजारी उभे होते. बाबा त्यांच्यादेखत म्हणाले, "माझ्या कानापेक्षा तुझा कान मोठा झाला का रे?" फिटर हसले. बाबांनी वहीत 'ठीक' लिहिलं. वंगण्याने चौदा नंबरमध्ये नेहमीपेक्षा जास्त ग्रीस घातलं. तेवढंच त्याच्या हातात होतं.

गुरुवारी दुपारी चौदा नंबर बसलं. रोलर जागच्या जागी अडकला, मागून पुठ्ठ्याचा रेटा आला आणि वाफेचा सांधा उखडला. कटरवरची एक बाई तेवढ्यात तिथून जात होती. तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. ती वाचली, हातही वाचला, पण आता ती उन्हाळ्यातही लांब बाह्या घालते. मशीन नऊ दिवस बंद होतं.

चौकशी बसली. बेअरिंग उघडलं तर आत कोरडं, काळं. अडकलेलं बेअरिंग तापून लाल होतं, त्यात ग्रीस असलं तरी जळून जातं, त्यामुळे ते बघून काहीच ठरवता येत नाही. दोनच शक्यता होत्या. एक तर बेअरिंग आधीपासून झिजलेलं होतं आणि तपासणाऱ्याला कळलं नाही, किंवा तपासल्यावर त्यात ग्रीस पडलंच नाही.

बाबा खोटं बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीने त्यांनी अगदी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, सोमवारी मी स्वतः दोनदा ऐकलं, बेअरिंग स्वच्छ चालत होतं. त्यांनी एवढं म्हटल्यावर खापर कुणावर फुटणार हे सांगायला नको.

त्या दिवशीचं सगळं बाबांनी घरी येऊन मला सांगितलं. वंगण्या ओरडून ओरडून बोलत होता म्हणे. मी ग्रीस घातलं, मी दोन सोमवार सांगत होतो. साहेब म्हणाले, आवाज खाली. तो पुन्हा ओरडला. साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुला ऐकू आलं आणि कानसेनांना आलं नाही?" खोलीतले सगळे हसले.

"मग?" मी विचारलं.

"मग त्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि म्हणाला, ग्रीस मी घातलं होतं. आणि खाली बसला. बघ, शेवटी गप्पच बसावं लागलं की नाही?"

वंगण्याकडे एक वाक्य होतं. हा माणूस तीन वर्षं बहिरा आहे आणि तीन वर्षं त्याचा कान मी आहे. केसांखाली काय लपवलंय तेही त्याला माहीत होतं, बाबांनीच मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. ते एक वाक्य बोलला असता तर चौकशीचं तोंड दुसरीकडे वळलं असतं. तो बोलला नाही. हे मला जेवणाच्या टेबलाशी बसून कळलं आणि तिथे त्याच्यासमोर बसलेल्या बाबांना कळलं नाही. त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही. पोरगी त्यांच्या मांडीवर बसून त्यांना गोष्ट सांगत होती आणि ते ऐकत होते. मी ताटं उचलली.

आठवड्याभरात वंगण्याला काढून टाकलं. बाबांनी त्याचं नाव घेणं बंद केलं.

तीन महिने झाल्यावर बाईंकडे नेहमीची भेट होती. काही अडचण आहे का, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, काही नाही, सगळं उत्तम. खरं तर तिथेच उठायचं होतं. पण मला एक गोष्ट खटकत होती आणि मी सहज बोलून गेले.

"आमच्या कपडे धुण्याच्या मशीनचं काम संपलं की ते बारीक आवाजात लांबलचक वाजतं. ते यांना ऐकू येत नाही. आणि पोरीचं पुटपुटणं येतं. असं कसं?"

"ते मीच केलंय," बाई हसून म्हणाल्या. "शिट्टी बंद करायची होती ना? एकसारखा बारीक सूर आला की यांच्या मशीनला वाटतं, ही आपलीच शिट्टी. मग ते तो सूर दाबून टाकतं. बोलणं वरखाली होत असतं, त्याला ते हात लावत नाही. घरातल्या घरात याने काही बिघडत नाही."

मला तिथल्या तिथे कळलं. बाबांना एक क्षण उशिरा कळलं.

"कसला सूर?" ते म्हणाले. "दाखवा."

असं कुणी विचारलं की बाईंना आनंद व्हायचा. त्यांनी टेबलावरच्या स्पीकरमधून एक बारीक सूर लावला. मला तो चांगला ऐकू येत होता. बाबांनी मान हलवली, नाही. बाईंनी संगणकावर काहीतरी दाबलं. बाबांचे डोळे मोठे झाले.

"परत बंद करा," ते म्हणाले. "परत चालू करा. परत बंद करा." असं चारदा झालं. मग ते अगदी कामावरच्या आवाजात म्हणाले, "हा सूर घरघरीच्या खाली असेल, आणि हळूहळू चढत असेल, तर?"

"तर बहुतेक कळणारच नाही."

मग त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. सळई, रिकामी फेरी, उशीला टेकल्यावर वाजतं म्हणून सांगितलेली थाप. बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि माझा फॉर्म फाईलमधून काढला.

"इथे निवृत्त लिहिलंय."

"मी लिहिलं," मी म्हटलं.

त्या मला झापतील असं वाटलं. मी त्यांच्या जागी असते तर झापलंच असतं, आणि मला ते बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "त्या कामासाठी वेगळी सोय करून दिली असती. एक बटण दाबलं की दाबादाबी बंद. सळई कानाशी न लावता ऐकायची पण साधनं आहेत. दहा मिनिटांचं काम होतं."

मग त्यांनी ती सोय करून दिली. दहासुद्धा मिनिटं लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबा साहेबांकडे गेले. मी येते म्हटलं, नको म्हणाले. दुपारच्या आतच परत आले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सळई होती.

"काय झालं?"

"सगळं सांगितलं. तीन वर्षांचं पण सांगितलं. केस बाजूला करून मशीन दाखवलं." ते खुर्चीत बसले. "साहेब म्हणाले, अहवाल वर गेलाय, आता ते उकरून काढण्यात कुणाचंच भलं नाही. बहिऱ्या माणसाच्या सहीवर आपण कारखाना चालवला असं का लिहून द्यायचं? त्या भाजलेल्या बाईच्या घरचे काय म्हणतील? मी म्हटलं, मग वंगण्याचं काय? ते म्हणाले, त्याची जागा भरली. आणि तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"असे कसे म्हणतात ते?"

"बरोबरच आहे ते. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मला आत घेतलं नसतं."

अशा तऱ्हेने मी फॉर्मवर लिहिलेलं खरं झालं. त्या रात्री जेवताना ते पोरीशी बोलले, पण माझ्याशी नाही. मला त्यांचा राग नव्हता आला. मला स्वतःची किळस आली होती, आणि ती अजूनही मधूनमधून येते, विशेषतः खिडकीशी कुणी खोटं लिहिताना दिसलं की. हल्ली मी झापत नाही. फॉर्म परत त्यांच्याकडे सरकवते आणि म्हणते, एकदा वाचून बघा.

रविवारी आम्ही वंगण्याकडे गेलो. तो दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायचा. आता एका गोदामात खोकी उतरवायचं काम करत होता, आणि दार उघडलं तेव्हा कमरेला रुंद पट्टा होता. आम्हाला बघून तो बाजूला झाला नाही. आतून त्याची बायको म्हणाली, "येऊ देत त्यांना," तेव्हा झाला. ती खिडकीशी कपड्यांना इस्त्री करत होती. दोन खुर्च्या होत्या, त्यावर आम्ही बसलो, तो कॉटवर बसला. बायकोने इस्त्री बंद करून उभी ठेवली.

बाबांनी घरून पाठ करून आणलं होतं. "चौदा नंबर ओरडत होतं. तू खरं सांगत होतास. माझ्या मशीनने तो आवाज दाबून टाकला, मला कळलं नाही. फॉर्मवर हिने निवृत्त लिहिलं होतं, म्हणून कानाच्या बाईंना माझं काम कळलंच नाही. ही बघ, हिच्यासमोर त्या बाईंनी दाखवलं. मी साहेबांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी मला काढलं, पण तुला परत घ्यायला तयार नाहीत. मी तुझी माफी मागायला आलोय."

वंगण्याने कमरेचा पट्टा सैल केला. मग बोलला तो इतक्या हळू की मी दचकले. आजवर मी त्याचा खणखणीत आवाजच ऐकला होता. मला वाटायचं, या माणसाचा गळाच तसा.

"तीन वर्षं मी तुमच्याशी ओरडून बोललो. मग तीच सवय लागली. घरी आलो तरी तसाच बोलायचो. हिला वाटायचं मी चिडलोय. पोरं दचकायची. मी म्हणायचो, उस्तादांसाठी करतोय, असू दे."

बाबा ऐकत होते.

"चौकशीत साहेब म्हणाले, ओरडू नकोस. मी त्यांच्यासाठी ओरडत नव्हतो. तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसला होता. तुम्हाला ऐकू जावं म्हणून, त्याच सवयीने ओरडत होतो. सगळ्यांना वाटलं, चोर उलटा भांडतोय."

"तू सांगितलं का नाहीस?" बाबा म्हणाले. "माझ्या कानाचं. सांगितलं असतंस तर..."

"तुमचं कसं झालं असतं?" त्याने विचारलं. "तुम्ही सांगाल असं वाटलं मला. मी बघत होतो तुमच्याकडे."

त्याची बायको खिडकीबाहेर बघत होती.

"मला एक सांगा," वंगण्या म्हणाला. "ते तुमचं मशीन. ते बेअरिंगचा आवाज दाबत होतं, ठीक आहे. माणसाचं बोलणं दाबत होतं का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"नातीचं बोलणं ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"मग मी म्हटलं, उस्ताद, चौदा ओरडतंय. दोन सोमवार म्हटलं. ते ऐकू आलं होतं?"

बाबांचा हात कानाकडे गेला आणि परत मांडीवर आला. "आलं होतं," ते म्हणाले.

"शब्द न् शब्द?"

"शब्द न् शब्द."

वंगण्याने मान डोलावली. त्याला एवढंच पाहिजे होतं असं मला वाटलं. "मग त्या मशीनला बोल लावू नका," तो म्हणाला. "त्या बाईंनाही नाही. आणि या पोरीलाही नाही. आता जा तुम्ही."

शेवटचं तो जवळजवळ ओठातल्या ओठात बोलला. सवयीने मी ते मोठ्याने सांगायला बाबांच्या कानाशी वाकले, पण ते आधीच उठून दाराकडे निघाले होते.